नाइट करून आलीस ना, बस जरा

अगं, आधी पाय धू आणि बस. टाकी मी भरून घेतलीय. आपल्या शहरात नळाला पाणी यायचा दिवस आणि नाइटनंतरची सकाळ कशी कोण जाणे, एकत्रच येतात. नोकरीची सगळी वर्षं मी पेंगत पेंगत पाणी भरलंय, आज तू भरू नकोस. पोहे झाकून ठेवलेत. चहा मात्र देणार नाही, तुला झोपायचंय. खा, आणि पर्समधला तो घड्या घालून घालून चुरगळलेला कागद दाखव मला.

‘परिचारिकांसाठी मानसिक स्वास्थ्य प्रशिक्षण. दोन दिवस. उपस्थिती आवश्यक.’ आणि त्यातला दुसरा दिवस तुझा ऑफ. म्हणून तणतणतेयस होय! बघ, राग अगदी रास्त आहे. माणसाची विश्रांती काढून घ्यायची आणि त्यालाच विश्रांतीचं महत्त्व सांगायचं, हे चुकतंच. उठलीस की इन्चार्ज सिस्टरांना अर्ज दे, ‘प्रशिक्षणाचा दिवस ड्यूटीत धरावा किंवा बदली ऑफ मिळावा’ म्हणून. लेखी दे. तोंडी सांगितलेलं ओव्हर देता-घेता हरवतं. पण जा गं. नक्की जा.

खरं सांगू का, आपल्याला सगळं शिकवलं. चादरीचा कोपरा कसा दुमडायचा, इंजेक्शन कुठं टोचायचं, माणूस गेल्यावर त्याचं अंग पुसून कसं नीट ठेवायचं. पण एका खाटेवरच्या माणसाचे डोळे मिटवायचे, त्याच्या बायकोला सांगायचं, आणि दोन मिनिटांत पुढच्या खाटेवरच्या आजीला ‘जेवलात का?’ असं हसून विचारायचं, हे कसं करायचं ते कुणी शिकवलं नाही. तुमच्या बीएस्सीला आता पहिल्याच सेमिस्टरला अप्लाइड सायकॉलॉजी असतं, ते मला ठाऊक आहे. पण तो पेपर तू दिलास तेव्हा एकही नाइट केली नव्हतीस. आता वॉर्ड पाहिलास, आता ते शिकायची खरी वेळ आली.

तुला आठवतं, पहिल्या महिन्यात तुला व्हेन सापडत नव्हती? हात थरथरायचा, पेशंट ओरडायचा, आणि तू लिनन रूममध्ये जाऊन रडायचीस. तेव्हा कुणी म्हणालं का, ‘तुझा स्वभावच व्हेन लावायचा नाही’? नाही ना. सीनियरनं सांगितलं, पट्टा जरा वर बांध, शीर बोटानं चाचप, डोळ्यांनी शोधू नकोस. आज तू लहान बाळाच्या हाताला एका झटक्यात लावतेस. पण मनाचं काही निघालं की हेच लोक लगेच स्वभावावर जातात. ‘फार हळवी आहेस, नर्सिंगला कशाला आलीस?’ अगं, तेही हाताचं कसबच आहे. पट्टा कुठं बांधायचा, शीर कुठं चाचपायची, हे तिथंही कुणीतरी दाखवावं लागतं, मग सराव करावा लागतो.

मला कुणी दाखवलं नाही, म्हणून मी माझ्या परीनं एक चुकीचा मार्ग काढला. मी कोरडी झाले. नाव नको, एका मोठ्या रुग्णालयात होते मी तेव्हा. पेशंटची नावं घेणं हळूहळू सुटलं. ‘बाराला सलाईन लाव’, ‘सहाचं कॅथेटर बघ’. वाटायचं, काम झपाट्यानं होतंय, आपण पक्क्या झालो. मग एके दिवशी माझी लेक अंगणात पडली, गुडघा फुटला. मी स्वच्छ धुतलं, औषध लावलं, पट्टी बांधली आणि एक शब्द न बोलता स्वयंपाकघरात गेले. पाठीमागून ती म्हणाली, ‘आई, तू दवाखान्यातल्यासारखी पट्टी केलीस.’ त्या दिवशी भाकरी थापता थापता माझे हात थांबले. जवळ घेणं, फुंकर घालणं, ‘लागलं का गं सोन्या’ म्हणणं, सगळं वॉर्डातच सांडून आले होते मी.

पुढं कितीतरी वर्षांनी कळलं की याला नाव आहे. क्रिस्टिना मास्लाक नावाच्या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८१ साली हे मोजायची प्रश्नावली केली. तीन गोष्टी बघायच्या. एक, झोपूनही न जाणारा शीण. दोन, माणसांविषयी आलेला कोरडेपणा, म्हणजे माझं ते ‘बारा नंबर’. तीन, ‘मी कितीही केलं तरी काही उपयोग नाही’ असं वाटत राहणं. यालाच बर्नआउट म्हणतात. आणि बघ, जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये रोगांच्या नव्या वर्गीकरणात याची नोंद केली, तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही. कामाच्या जागेवरचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला गेला नाही, की त्यातून हे होतं, असं म्हटलं. हे तुझ्या मनात घट्ट बसू दे. तुझ्यात खोट नाही. पण होतंय ते ओळखायला तुला यायला हवं.

आता तिथं शिकवतील काय? सगळं चांगलं असेलच असं नाही. कुणी नुसती फुगे फुगवायला लावतील, कुणी ‘सकारात्मक राहा’ म्हणून फळ्यावर सूर्य काढतील. ते ऐकून सोडून दे. पण विचारांचं एक तंत्र शिकवलं तर कान देऊन ऐक. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये ते मांडलं. आपल्या कि. मो. फडक्यांनी त्यांच्याकडूनच ते आत्मसात केलं आणि मराठीत आणलं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली मानसिक आरोग्याची संस्था उभी केली, तिथं ते मराठी माणसांच्या रोजच्या भाषेत आलं. विवेकनिष्ठ विचार म्हणतात त्याला.

तुझंच उदाहरण घेते. मागच्या आठवड्यात तो नातेवाईक ओरडला ना, ‘सिस्टर, तुम्हाला माणुसकी आहे का?’ त्यानंतर दीड तास तुझे हात कापत होते. तुला वाटतं, त्याच्या ओरडण्यानं कापत होते. थोडं त्याच्यामुळं, पण बरंचसं तू मनात जे बोललीस त्यामुळं. काय बोललीस सांगू? ‘माझ्यावर कुणी असं ओरडताच कामा नये. ओरडला म्हणजे मी वाईट नर्स आहे.’ त्या वाक्यातला ‘च’ बघ. तो बारीकसा ‘च’ आपल्याला खातो. त्याऐवजी असं म्हणून बघ: ‘त्यानं ओरडू नये, असं मला फार वाटतं. पण घाबरलेली माणसं ओरडतात. माझी नर्सिंग कशी आहे, ते त्याच्या आवाजावरून ठरत नाही.’ वाईट तरीही वाटेल. वाटू दे. पण हात लवकर थांबतील, आणि पुढच्या पेशंटचा डोस तू नीट मोजशील. एका दिवसात नाही जमणार. वहीत लिहून काढ, काय झालं, मी काय म्हणाले, मग काय वाटलं. महिनाभर लिही.

मात्र एक गोष्ट कान उघडे ठेवून ऐक. हे तंत्र तुझ्या मनासाठी आहे, मार खाऊन गप्प बसण्यासाठी नाही. कुणी अंगावर आलं, हात उचलला, तर ‘घाबरलेला आहे बिचारा’ म्हणून सोडून द्यायचं नाही. महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे. दवाखान्यातल्या माणसांवर हात टाकला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि गुन्हा अजामीनपात्र आहे. तक्रार द्यायची. प्रशिक्षणात चिडलेल्या नातेवाइकाशी कसं वागायचं याचा सराव घेतला तर लाजू नकोस, भाग घे. दाराच्या बाजूला उभी राहा, म्हणजे बाहेर पडायची वाट तुझ्याकडे राहील. अगदी समोरासमोर नको, थोडी तिरकी. आवाज त्याच्यापेक्षा खाली. आणि त्याला पुढची वेळ सांग: ‘डॉक्टर नऊ वाजता राउंडला येतील, तेव्हा मी स्वतः तुम्हाला बोलावते.’ आपल्या घाटी रुग्णालयात जालना, बीड, परभणी, हिंगोलीपासून बुलढाणा-जळगावच्या कडेच्या गावांपर्यंतची माणसं येतात. १९५६ पासून येतातच आहेत. पैसे उसने घेऊन, एसटीनं तीन-चार तास येऊन, मग कॉरिडॉरमध्ये सतरंजी टाकून पडायचं, आणि आत काय चाललंय ते कुणी सांगत नाही. गारखेड्यातल्या हेडगेवारला जा की सिडकोतल्या एमजीएमला, अंधारात ठेवलेला माणूस सगळीकडे सारखाच चिडतो. त्याला वेळ सांगितलीस की निम्मा शांत होतो.

चुकीबद्दल काही बोलले तिथं, तर माझी आठवण काढ. माझ्या वॉर्डात एकदा एकाच आडनावाच्या दोन बाया शेजारी शेजारी होत्या. एकीचं इंजेक्शन मी दुसरीला दिलं. देवाच्या दयेनं काही झालं नाही, डॉक्टरांना लगेच सांगितलं, लक्ष ठेवलं, दोघी घरी गेल्या. पण मी तीन आठवडे झोपले नाही. प्रत्येक औषध चार-चार वेळा वाचायची आणि तरी खात्री वाटायची नाही. मला मेमो मिळाला. ‘तू कशी आहेस?’ असं एकानंही विचारलं नाही. अल्बर्ट वू नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी २००० साली यावरच लिहिलं की चूक झाली की पहिली झळ पेशंटला लागते, आणि दुसरी ती चूक करणाऱ्याला. त्याला तसंच एकटं सोडलं तर तो पुढची चूक लपवायला शिकतो. म्हणून तुझ्या मैत्रिणीच्या हातून कधी असं झालं, तर आधी पेशंटला बघा, मग लगेच तिला बघा. त्याच पाळीत. दुसऱ्या दिवशी नको.

आणि मरणाचं. तुझ्या वॉर्डात परवा ते लेकरू गेलं, तू मला फोनवर सांगितलंस आणि लगेच विषय बदललास. मी तेव्हा काही बोलले नाही. आता बोलते. व्हर्जिनियातल्या एका रुग्णालयाच्या अपघात विभागात जोनाथन बार्टेल्स नावाचे ब्रदर होते. सगळी धडपड करून माणूस गेला की सगळे हातमोजे काढून आपापल्या कामाला पळतात, हे त्यांना खुपलं. त्यांनी एक पद्धत पाडली. सगळ्यांनी खाटेभोवती मिनिटभर थांबायचं. हा कुणाचा तरी मुलगा होता, कुणाचा बाप होता, एवढं म्हणायचं, आणि आपण सगळ्यांनी जीव तोडून केलं, हेही म्हणायचं. मग शांत उभं राहायचं. प्रार्थना ज्यानं त्यानं आपल्या मनात. बास. याला पैसा लागत नाही, परिपत्रक लागत नाही. तुमच्याकडे डॉक्टर थांबणार नाहीत असं वाटतं ना? मग तू आणि मावशी दोघी थांबा. दोघी पुरतात.

रडू आलं तर रड, पण कुणी तुला रडायला लावत असेल तर उठून जा. हे मी मुद्दाम सांगतेय. काही प्रशिक्षक सगळ्यांना गोल बसवतात आणि ‘तुमचा सगळ्यात वाईट अनुभव सांगा’ म्हणतात. वाईट प्रसंगानंतर माणसाला एका बैठकीत सगळं उकरून सांगायला लावलं, तर त्यानं पुढचा त्रास टळत नाही, काहींना उलट जास्तच होतो, हे संशोधनात बऱ्याच वेळा दिसलंय. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. तिच्यात साधं सांगितलंय: बघा, ऐका, जोडून द्या. जिच्यावर प्रसंग गुदरलाय ती जेवलीय का, पाणी प्यायलीय का, ते बघा. बोलली तेवढंच ऐका, खोदू नका. मग तिला घरच्यांशी, मैत्रिणीशी, गरज असेल तर तज्ज्ञाशी जोडून द्या. तू हे पेशंटच्या नातेवाइकांसाठी रोज करतेस. आपल्याच माणसांसाठी करायचं राहून जातं.

श्वासाचं शिकवतीलच, आणि तू म्हणशील, ‘ताई, श्वास घ्यायला वेळ कुणाला आहे?’ वेळ आहे गं. दर पेशंटनंतर हाताला सॅनिटायझर चोळतेस, ते नीट चोळायला वीस ते तीस सेकंद लागतात. त्यातच कर. चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. तीन श्वास, तीस सेकंद. बाहेर सोडायचा श्वास लांब ठेवायचा, त्यानं छातीतली धडधड उतरते. दिवसातून चाळीस वेळा तू हात चोळतेस, त्यातल्या दहा वेळा जरी आठवलं तरी पुष्कळ.

आणि पहाटे चारचा तो कॅन्टीनचा चहा बंद कर. चहाची तरतरी निम्मी उतरायलाच पाच-एक तास लागतात, म्हणून तू घरी येऊन छताकडे बघत पडतेस. चहा घ्यायचा तर बारा-एकच्या आत. सुटल्यावर डोळे मिटत असतील तर चेंजिंग रूममध्ये वीस मिनिटं पड, मग गाडीला किल्ली लाव. सकाळच्या जालना रोडवर झोपाळलेल्या डोळ्यांनी गाडी चालवायची नाही. तुझ्या आईला मी शब्द दिलाय.

चेंजिंग रूमवरून आठवलं. तिच्या दाराची कडी दुरुस्त झाली का? नाही ना? हा विषय त्या प्रशिक्षणात तू उभी राहून काढायचास. १९७३ साली मुंबईच्या केईएममध्ये अरुणा शानबाग ही परिचारिका ड्यूटी संपवून तळघरात कपडे बदलायला गेली, तिथं तिच्यावर हल्ला झाला आणि ती कायमची अंथरुणाला खिळली. तिला मरण आलं ते २०१५ मध्ये. मधली जवळजवळ बेचाळीस वर्षं तिथल्या परिचारिकांनी तिला सांभाळलं. जुन्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या, त्यांनीही आपली मानून सांभाळलं. तिच्या अंगाला एक बेडसोर होऊ दिला नाही, याची नोंद २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं घेतलीय. मला त्या बायांचा फार अभिमान वाटतो. आणि दर वेळी हेही वाटतं की कपडे बदलायला एक सुरक्षित खोली असती तर? म्हणून बघ, मनाचं प्रशिक्षण दाराच्या कडीपासून सुरू होतं.

तसंच माणसांचं. सरकारच्या स्टाफ इन्स्पेक्शन युनिटचे, म्हणजे एसआययूचे निकष म्हणतात, साध्या वॉर्डात सहा पेशंटमागे एक नर्स, आयसीयूत एकाला एक. आम्ही एकेका नाइटला पन्नासांना दोघी होतो. तिथं तू कितीही लांब श्वास सोड, एका वेळी दोन खाटांपाशी तू पोचणार नाहीस. काय करायला हवं ते कळतंय, पण हात बांधलेले आहेत, या घुसमटीला अँड्र्यू जेम्टन यांनी १९८४ मध्येच वेगळं नाव दिलं, नैतिक क्लेश. त्याचा इलाज तुझ्या मनात नाही, ड्यूटी चार्टात आहे. २०२२ च्या मे महिन्यात राज्यभरातल्या सरकारी परिचारिका बाह्यस्रोतांकडून भरतीच्या विरोधात संपावर गेल्या, त्यामागेही हेच दुखणं होतं. तेव्हा प्रशिक्षणात कुणी म्हणालं, ‘ताण तर घ्यायचाच नाही, मॅनेज करायचा’, तर तू नम्रपणे विचार: आमच्या वॉर्डात नाइटला तिसरी कधी येणार? असं विचारलं म्हणून तू भांडखोर ठरत नाहीस. सोबत दोघी-तिघींना घेऊन विचार.

आणि हे सगळं एकटीनं सोसायचं नाही. अमेरिकेत बोस्टनचा एक वकील होता, केनेथ श्वार्ट्झ. १९९५ साली फुप्फुसाच्या कर्करोगानं गेला. जाण्याआधी त्यानं लिहून ठेवलं की नर्सेसनी, डॉक्टरांनी दोन घटका माणसासारखं बोलल्यामुळं मला सगळं सोसता आलं. त्याच्या नावानं कितीतरी रुग्णालयांत आता बैठका होतात. डॉक्टर, नर्स, सफाईवाले सगळे एकत्र बसतात आणि केसबद्दल न बोलता, ती केस करताना आपल्याला काय वाटलं तेवढंच बोलतात. तुमच्याकडे एवढं मोठं होईल तेव्हा होवो. तू, ती वैजापूरची मुलगी आणि तो नवा ब्रदर, तिघं आठवड्यातून एकदा डबा एकत्र खा. पंधरा मिनिटं. त्यात कुणाची चुगली नाही, मोबाईल नाही, आणि कुणी सल्ला मागितल्याशिवाय सल्ला नाही. मी पोळी-भाजीबरोबर तुमच्यासाठी शेंगदाण्याची चटणी पाठवीन.

आणि कधी असं झालं की पंधरा-पंधरा दिवस झोपच नाही, जेवण जात नाही, सकाळी वॉर्डाचं दार दिसलं की पोटात गोळा येतो, किंवा जगूच नये असं मनात आलं, तर श्वास आणि वही बाजूला ठेव आणि डॉक्टर गाठ. आपल्याच रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात गेलीस तर सगळे बघतील, अशी भीती वाटते ना? मलाही वाटली असती. मग १४४१६ ला फोन लाव. टेलिमानस म्हणतात त्याला, केंद्र सरकारनं २०२२ मध्ये सुरू केलंय. फुकट आहे, रात्री-अपरात्री उचलतात, मराठीत बोलता येतं. नंबर आत्ताच मोबाईलमध्ये टाक. माझ्यासमोर टाक. आणि त्याच्या आधी किंवा नंतर मला सांग, कितीही वाजलेले असोत.

ताट राहू दे, मी उचलते. आतल्या खोलीत जाड पडदा ओढलाय, पंखा चालू आहे, दाराची बेल बंद केलीय. तू उठेस्तोवर मी तुझा अर्ज लिहून ठेवते, बदली ऑफचा आणि त्या कडीचा, दोन्ही. दोन वाजता उठवीन. सही मात्र तुलाच करायचीय.